उपाशी बासचे गजबजलेले तळे आणि मासे मोजून देणारी सेवा : एक परीक्षण

तळ्यात मासे भरपूर आहेत, गळ टाकताच लागतात, वर्षानुवर्षे लागत राहतात, आणि तरीही त्यांतला एकही दीड वितीच्या पुढे जात नाही, ही बास जातीचे मासे पाळणाऱ्या खासगी तळेधारकांची नेहमीची तक्रार आहे. या परीक्षणातील सेवा नेमकी अशाच तळ्यांसाठी आहे. सेवेचे लोक तळ्यावर येतात, विजेच्या सौम्य धक्क्याने मासे पृष्ठभागावर आणतात, त्यांची लांबी आणि वजने नोंदवतात, पाणी तपासतात आणि कोणते मासे किती काढायचे व नव्याने काही सोडायचे की नाही याचा लेखी आराखडा देतात. आम्ही ही सेवा लागोपाठ दोन वर्षे घेतली. सेवा देणाऱ्यांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण हे परीक्षण कामाच्या पद्धतीचे आहे आणि त्यात आढळलेल्या उणिवा या व्यवसायातील इतरांकडेही आढळू शकतात.

तळे साधारण तीन एकरांचे आहे. त्यात लार्जमाउथ बास हा शिकारी मासा आणि ब्लूगिल हा त्याचे भक्ष्य असलेला मासा, अशी जोडी आहे. दोन्ही मासे मूळचे उत्तर अमेरिकेतले असून आज जगाच्या अनेक भागांतील तळ्यांत पोहोचले आहेत. मासा पकडायचा, काटा काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, असा शिरस्ता या तळ्यावर दीर्घकाळ चालत आला होता. मोठ्या नद्या-जलाशयांत, जिथे मासेमारीचा ताण जास्त असतो, तिथे ही पद्धत योग्यच आहे. पण बंदिस्त लहान तळ्यात शिकारी मासा कोणीच काढत नसेल, तर त्याची संख्या अन्नाच्या मानाने वाढतच जाते. सर्वेक्षणापूर्वी गळाला लागणारा मासा पाहिला, तरी काहीतरी बिघडले आहे हे नवख्याच्याही लक्षात येत होते. डोके आणि डोळे प्रौढ माशाचे, पण मानेमागे अंग एकदम अरुंद झालेले, पोट आत ओढलेले आणि पाठीवरचे मांस इतके उतरलेले की हात फिरवल्यावर कण्याची धार जाणवावी.

मग मोजायचे कशासाठी, बास रोडावले आहेत हे दिसतेच आहे, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की रोडावलेला बास हे लक्षण एक असले, तरी त्यामागची कारणे निरनिराळी असतात आणि त्यांवरचे उपाय कधीकधी परस्परविरुद्ध असतात. बासच जास्त झाले असतील, तर ते ब्लूगिलची पिल्ले वाढूच देत नाहीत. अशा तळ्यातून बास काढावे लागतात. पाणवनस्पती तळाच्या मोठ्या भागावर माजल्या असतील, तर ब्लूगिल त्यांच्या आडोशाला सुरक्षित राहतात आणि बासना भक्ष्य असूनही मिळत नाही. तिथे आधी वनस्पती आवराव्या लागतात. पाणी सतत मातकट असेल, तर डोळ्यांनी शिकार करणाऱ्या बासला समोरचे भक्ष्यही दिसत नाही. आणि ब्लूगिलच बेसुमार वाढले असतील, तर ते बासची अंडी व पिल्ले खाऊन त्यांची नवी पिढी थोपवतात. अशा तळ्यातून बास काढणे म्हणजे उरलेसुरले संतुलन मोडणे होय. तळ्याच्या काठावर उभे राहून हा फरक खात्रीने सांगता येत नाही. या सेवेची खरी किंमत इथे आहे, असे माझे मत आहे.

सर्वेक्षणासाठी वसंतातला, पाणी कोमट होऊ लागण्याचा काळ निवडला होता. या काळात आणि शरद ऋतूत बास काठालगतच्या उथळ पाण्यात असतात, त्यामुळे नमुना चांगला मिळतो. बोट सपाट तळाची होती. तिच्या पुढून दोन लांब दांडे पाण्यावर काढलेले होते आणि दांड्यांच्या टोकांना स्टीलच्या तारांचे झुबके पाण्यात लोंबत होते. मागे जनित्र, मध्ये प्रवाहाचे नियंत्रण करणारी पेटी आणि पुढच्या कठड्याशी, वीज वाहून न नेणाऱ्या लांब दांड्यांच्या हातजाळ्या घेऊन उभी असलेली दोन माणसे. कठड्याशी पायाखाली एक स्विच असतो. त्यावर पाय दाबलेला असेपर्यंतच पाण्यात वीज जाते आणि पाय उचलताच प्रवाह थांबतो. आधी पाण्याची विद्युतवाहकता मोजून प्रवाह किती ठेवायचा हे ठरवले गेले. वाहकता फार कमी असलेल्या पाण्यात हे तंत्र नीट चालत नाही, हेही त्यांनी आधीच सांगितले होते. प्रवाह सुरू झाल्यावर काठच्या गवतातून, बुडालेल्या फांद्यांखालून मासे अंग थरथरवत तारांच्या दिशेने ओढल्यासारखे येतात आणि क्षणभर निश्चल होऊन वर तरंगतात. स्पंदित एकदिश प्रवाहाचा, म्हणजे एकाच दिशेने ठोक्याठोक्याने वाहणाऱ्या विजेचा, हा परिणाम आहे. तेवढ्या वेळात हातजाळीने ते उचलून हवा खेळवलेल्या टाकीत सोडतात आणि थोड्याच वेळात ते पुन्हा पोहू लागतात. हे काम परवाना आणि प्रशिक्षण असलेल्यांनीच करायचे आहे. पाण्यात वीज सोडून मासे मारण्याचा जो बेकायदा आणि जीवघेणा प्रकार चालतो, त्याच्याशी याचा काहीही संबंध नाही.

हाताळणीबाबत मी समाधानी आहे. मासा उचलण्यापूर्वी हात आणि मोजपाट ओला केला जात होता, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जात नाही. वजनकाट्याला वाऱ्याचा आडोसा केलेला होता आणि टाकीत गर्दी होण्याआधीच मासे मोजून परत सोडले जात होते. सर्वेक्षणानंतरच्या दिवसांत काठाला मेलेले मासे आढळले नाहीत. एक मर्यादा मात्र तळेधारकाने समजून घेतली पाहिजे. हा प्रवाह साधारण दोन मीटर खोलीपर्यंतच परिणामकारक असतो, त्यामुळे खोल भागातले मासे नमुन्यात येत नाहीत. तळ्यात एकूण किती मासे आहेत, हा आकडा या पद्धतीतून मिळत नाही. मिळते ते निरनिराळ्या आकारांच्या माशांचे परस्पर प्रमाण आणि त्यांच्या अंगावर मांस किती आहे याचा अंदाज, आणि निर्णयासाठी तेवढे पुरते.

अहवालात दोन निर्देशांक मध्यवर्ती होते. पहिला सापेक्ष वजनाचा. त्या लांबीच्या सुदृढ बासचे जे प्रमाण वजन असायला हवे, त्याच्या किती टक्के वजन प्रत्यक्षात भरते, ते हा निर्देशांक सांगतो. ही पद्धत १९७८ पासून मत्स्यव्यवस्थापनात रूढ आहे. तीस सेंटिमीटर लांबीच्या बासचे प्रमाण वजन सुमारे ३८० ग्रॅम धरले जाते. आमच्या तळ्यातला त्या लांबीचा मासा ३०० ग्रॅमच्या आसपास भरत होता, म्हणजे ८० टक्क्यांच्याही खाली. शंभराच्या जवळपासचा आकडा उत्तम समजला जातो आणि ८५ च्या खाली गेलेला आकडा अन्नाची टंचाई दाखवतो. अहवालाने सरसकट सरासरी न देता प्रत्येक लांबीगटाचा आकडा वेगळा दिला होता आणि ते फार उपयुक्त ठरले. पंचवीस ते तेहतीस सेंटिमीटरचे मासे सर्वांत रोड होते, तर पंचेचाळीस सेंटिमीटरच्या वरचे जे थोडे मासे सापडले, ते चांगले भरलेले होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. मोठ्या बासचा जबडा मोठा असतो, तो मोठे ब्लूगिल आणि वेळप्रसंगी लहान बासही गिळतो. मधल्या आकाराच्या बासला गिळता येईल असे भक्ष्यच तळ्यात शिल्लक नव्हते.

दुसरा निर्देशांक आकारांच्या प्रमाणाचा. वीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब असलेल्या बासपैकी शेकडा किती मासे तीस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे आहेत, हे त्यातून कळते. संतुलित तळ्यात हा आकडा साधारणपणे ४० ते ७० असतो. आमचा आकडा त्याच्या खूप खाली होता. ब्लूगिलसाठी याच धर्तीवर आठ आणि पंधरा सेंटिमीटर या सीमा वापरतात आणि तिथे २० ते ६० हा आकडा समतोलाचा मानतात. आमच्याकडे तो या मर्यादेच्याही वर गेला होता. तळ्यात ब्लूगिल थोडे होते, पण जे होते ते तळहाताएवढे रुंद आणि जाडजूड. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निदान पक्के होते. पिल्ले खाल्ली जात असल्याने जे मोजके ब्लूगिल वाचतात, त्यांना स्पर्धा उरत नाही आणि ते उत्तम वाढतात. बासच्या गर्दीची ही खूण इतकी विश्वासार्ह आहे की, ज्यांना सर्वेक्षण करून घेणे शक्य नाही त्यांनी निदान आपल्या तळ्यातले ब्लूगिल केवढे आहेत याकडे लक्ष द्यावे.

या विचारसरणीचा पाया अमेरिकेतील अलाबामा राज्यात ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी घातला. १९३० च्या दशकापासून त्यांनी तिथे तळ्यांवर प्रयोग केले आणि १९५० मध्ये माशांच्या संतुलित व असंतुलित समूहांवरचे आपले विवेचन प्रसिद्ध केले. खत घातलेल्या नव्या तळ्यात एकरी १००० ब्लूगिल आणि १०० बास यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडण्याचे परिचित प्रमाण याच परंपरेतून आले आहे. एकदा संतुलित सोडलेले तळे आपोआप संतुलित राहत नाही, ही गोष्ट मात्र अनेकांच्या ध्यानात राहत नाही. बास वर्षातून एकदा, पाणी १६ ते २० अंशांच्या दरम्यान आले की घरटे करतो. मादी हजारो अंडी घालते आणि नर अंड्यांची व पिल्लांची राखण करतो. दरवर्षी नवी पिढी येते, जुनी काढली जात नाही, आणि तळ्याची पोसण्याची शक्ती मात्र पाण्याच्या सुपीकतेने ठरलेली असते. तेच एकूण वजन थोड्या मोठ्या माशांत वाटले जाईल किंवा पुष्कळ खुरटलेल्या माशांत. मासा उपासमारीने चटकन मरत नाही. तो वाढ थांबवून जगत राहतो आणि येणारे प्रत्येक पिल्लू गिळत राहतो.

हे किती खरे आहे, ते अहवालातल्या एका छोट्या भागाने मला सर्वांत जास्त पटवले. आमच्या संमतीने काही मासे वय ठरवण्यासाठी काढून घेतले होते. माशाच्या कवटीत, कानाच्या पोकळीत चुनखडीचा एक लहानसा खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडासारखी दरवर्षी एक कडी उमटते. तो खडा मधोमध कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कड्या मोजता येतात. एकतीस सेंटिमीटरच्या एका बासच्या खड्यात पहिल्या दोन कड्यांमध्ये चांगले अंतर होते आणि त्यापुढच्या कड्या एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या होत्या. तो मासा सहा वर्षांचा निघाला. चांगल्या अन्नाच्या उबदार तळ्यात बास एवढी लांबी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच गाठतो. याच माशांची पोटे उघडल्यावर बहुतेक रिकामी निघाली. एकात चतुराच्या अळीचे अवशेष होते, दुसऱ्यात नखाएवढे ब्लूगिलचे पिल्लू. एक किलो वजन वाढण्यासाठी बासला साधारण दहा किलो भक्ष्य लागते असे मानले जाते. नखाएवढ्या पिल्लांच्या मागे धावून ते भरून निघणे शक्य नाही.

आराखडा लिहिण्यापूर्वी सेवेच्या तज्ज्ञांनी आमच्याशी सविस्तर बोलून तळ्याकडून आम्हाला नेमके काय हवे आहे ते विचारले. हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. बासची गर्दी हा प्रत्येकासाठी दोष नसतो. ज्यांना मोठे ब्लूगिल पकडायचे आहेत, त्यांच्यासाठी असे तळे जसेच्या तसे राखणे हा मान्यताप्राप्त पर्याय आहे. मुलांना गळ शिकवायचा असेल, तर लहान पण सतत लागणारा बास सोयीचाच असतो. आम्हाला सर्व आकारांचे सुदृढ बास हवे होते आणि आराखडा त्या उद्देशाने केला गेला. उद्देश न विचारता थेट माशांची यादी हातात देणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे.

आराखड्याचा गाभा होता मासे काढणे. पस्तीस सेंटिमीटरपेक्षा लहान बास एकरी ११ ते १६ किलो, दरवर्षी काढायचे आणि त्यावरचे सध्या सर्व परत सोडायचे, असे त्यात म्हटले होते. एकरी बारा किलो हा आकडा कागदावर मोठा वाटत नाही. पण मासा ३०० ग्रॅमचा असेल, तर एका एकरातून चाळीस मासे आणि आमच्या तळ्यातून वर्षाला सव्वाशेच्या घरात मासे बाहेर काढायचे, असा त्याचा अर्थ होतो. खत न घातलेल्या, कमी सुपीक तळ्यात हा आकडा याहून कमी ठेवतात. काढणीचा मोठा भाग ब्लूगिलचा प्रजननकाळ भरात येण्यापूर्वी उरकावा, हा सल्ला योग्य होता. पाणी साधारण २१ अंशांच्या वर गेले की ब्लूगिल अंडी घालू लागतात आणि उन्हाळाभर पुन्हा पुन्हा घालतात; त्या वेळी तळ्यात तोंडे कमी असतील, तर पिल्लांचा मोठा वाटा वाचून भक्ष्याच्या आकारापर्यंत पोहोचतो. काढलेले मासे दुसऱ्या तळ्यात किंवा नदीत सोडू नयेत, ही सूचना ठळक दिली होती. रोग आणि परकी मत्स्यजाती पसरण्याचा तो हमखास मार्ग आहे आणि बहुतेक ठिकाणी परवानगीशिवाय तसे करणे कायद्यानेही मना आहे. मासे खाण्यास उत्तम असतात, तेव्हा ते वाया जाण्याचे कारण नाही.

नवे मासे सोडण्याबाबत सेवेने जो संयम दाखवला, त्याचे मी मोकळेपणाने कौतुक करतो. ही मंडळी स्वतः मत्स्यबीजही विकतात. तरीही ब्लूगिलची बोटुकली सोडू नका, ती काही दिवसांत संपतील, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. ब्लूगिलचे शरीर उंच असल्यामुळे बास स्वतःच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश लांबीपर्यंतचाच ब्लूगिल गिळू शकतो. तीस सेंटिमीटरच्या बासपुढे पाच सेंटिमीटरचे बोटुकले म्हणजे केवळ एक घास. तेरा-चौदा सेंटिमीटरचा प्रौढ ब्लूगिल मात्र त्याच्या तोंडात मावत नाही, वाचतो आणि प्रजनन करतो. पुरेसे बास काढल्यानंतर गरज वाटली, तरच असे प्रौढ ब्लूगिल आणावेत, असा क्रम त्यांनी सुचवला. भक्ष्य म्हणून विकल्या जाणाऱ्या लहान मिनो माशांबद्दलही त्यांचे मत हेच होते आणि ते योग्य आहे.

आता उणिवा. अहवालाचा उत्तरार्ध साच्यातून काढल्यासारखा होता. त्यात थ्रेडफिन शॅड हा चंदेरी भक्ष्यमासा सोडण्याची शिफारस होती. हा मासा पाणी पाच-सहा अंशांपर्यंत थंड झाले की मरतो, आणि आमच्या तळ्याचे हिवाळी तापमान त्याखाली जाते ही नोंद त्याच अहवालात आधीच्या पानावर होती. विचारल्यावर त्यांनी ती शिफारस मागे घेतली, परंतु तज्ज्ञाने विचारण्याची वेळ येऊ देऊ नये. खताबद्दलचा परिच्छेदही असाच सर्वसाधारण होता. खताने प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात, प्लवंगांवर कीटक आणि ब्लूगिलची पिल्ले पोसतात आणि तळ्याची एकूण क्षमता कितीतरी वाढू शकते, हे खरे आहे. परंतु पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शमवण्याची क्षमता, लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर आधी चुना टाकावा लागतो, नाहीतर खताचा परिणाम होत नाही. पाणवनस्पती माजलेल्या तळ्यात खत घातले तर तेच गवत पोसले जाते. आणि सांडव्यावरून पाणी सतत वाहत असेल, तर खत वाहून जाते. आमची अल्कलिनिटी मोजली होती, आकडा छापला होता, पण त्यावरून खत घालावे की नाही हा निष्कर्ष काढलाच नव्हता. एकदा खत सुरू केले, की पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेच्ची तबकडी पाण्यात सोडून ती ४५ ते ६० सेंटिमीटरवर दिसेनाशी होते ना हे सतत पाहावे लागते, ही जबाबदारीही तळेधारकाला आधी सांगितली पाहिजे. ब्लूगिलना तरंगते खाद्य देण्याचा सल्ला मात्र योग्य होता. ३२ टक्के किंवा अधिक प्रथिने असलेल्या गोळ्या उबदार महिन्यांत दिल्या, तर माद्या चांगल्या पोसतात आणि अधिक वेळा अंडी घालतात. फक्त तो काढणीच्या जोडीला असायला हवा होता. आराखड्यात तो काढणीच्या बरोबरीचा पर्याय असल्यासारखा मांडला होता, आणि खाद्ययंत्र बसवणे हे मासे काढण्यापेक्षा सोपे असल्यामुळे बरेच तळेधारक तेवढेच करून थांबतील अशी मला भीती वाटते.

सर्वांत मोठी उणीव काढणीविषयीच होती. आराखड्यातील नव्वद टक्के यश ज्या कामावर अवलंबून आहे, ते काम सेवेने पूर्णपणे तळेधारकावर सोपवले होते आणि ते गळाने करावे एवढेच लिहिले होते. सुरुवातीला भुकेले मासे आमिषावर तुटून पडतात, परंतु लहान तळ्यातले बास लवकर सावध होतात आणि गळाला लागण्याचे प्रमाण झपाट्याने घसरते. नेमके तेव्हाच काम अर्धवट राहते. शिवाय गळ सर्व आकारांना सारखा लागत नाही. आमिष बदलणे, तळ्याला काही दिवस विश्रांती देणे, दोन-तीन जणांनी निरनिराळ्या पद्धतीने एकाच वेळी मासेमारी करणे, या गोष्टींचा उपयोग होतो. त्या अहवालात असायला हव्या होत्या. आणि सर्वेक्षणाच्या दिवशी बोट पाण्यात असतेच, मासे टाकीत आलेलेच असतात. त्याच वेळी पस्तीस सेंटिमीटरखालचे बास परत न सोडता बाजूला काढण्याची सोय ठेवली असती, तर वर्षाच्या काढणीचा चांगला हिस्सा त्याच दिवशी पार पडला असता. ही सोय त्यांच्याकडे आहे, पण ती स्वतंत्र सेवा म्हणून आहे आणि पहिल्या वर्षी तिचा उल्लेखही झाला नाही. दुसऱ्या वर्षी ती आम्ही मागून घेतली.

दुसऱ्या वर्षीच्या मोजणीत फरक दिसला आणि तो आकड्यांत दिसला, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो. पंचवीस ते तेहतीस सेंटिमीटरच्या गटाचे सापेक्ष वजन ९० च्या आसपास आले होते. उन्हाळ्यात काठालगत ओढजाळ ओढल्यावर त्यात दोन-तीन सेंटिमीटरची ब्लूगिलची पिल्ले भरपूर आली. आदल्या उन्हाळ्यात त्याच काठावर जाळे जवळपास रिकामे आले होते. लांबी मात्र इतक्यात वाढलेली नाही, आणि ते अपेक्षितही नव्हते, कारण आधी अंग भरते आणि मग लांबी वाढू लागते. सहा-सात वर्षे खुरटलेला मासा पुढे फार मोठा होण्याची शक्यता कमी असते. मोठे मासे मिळणार ते आत्ताच्या पिल्लांतून, त्यांना सुरुवातीपासून पोटभर मिळाले तर. मोठे बास जवळजवळ सगळे माद्याच असतात, त्यामुळे वसंतात नर-मादी ओळखता येत असताना लहान नर आधी काढले, तर अधिक लाभ होतो. ही माहिती दुसऱ्या भेटीत त्यांच्या तज्ज्ञाने तोंडी दिली. ती लेखी असती, तर बरे झाले असते.

ही सेवा कोणी घ्यावी याबद्दल माझे मत असे आहे. दोन एकरांच्या पुढचे तळे असेल, किंवा रोडावलेल्या बासचे कारण गर्दी, गवत की गढूळपणा हे स्पष्ट होत नसेल, तर ती अवश्य घ्यावी. शुल्क दिवसावर आकारले जात असल्याने अर्ध्या-पाऊण एकराच्या तळ्याला ती परवडणारी नाही. तिथे पाण्याला न भिजणारी मोजपट्टी, ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, काठावर ओढायचे बारीक जाळे आणि नियमित नोंदवही एवढ्यावर काम भागते. गळाला लागलेल्या तीसेक बासची लांबी-वजने प्रमाण वजनाच्या कोष्टकाशी ताडून पाहिली आणि ओढजाळात ब्लूगिलची पिल्ले किती येतात हे पाहिले, तर निदानाचा मोठा भाग घरच्या घरी होतो.

सेवा घेणाऱ्यांनी करारातच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात, असे मी सुचवतो. सर्वेक्षणाच्या दिवशीच ठरलेल्या आकाराखालचे बास काढून घ्यायचे, प्रत्येक लांबीगटाचे सापेक्ष वजन वेगळे द्यायचे, आणि पुढच्या वर्षीची मोजणी त्याच ऋतूत, त्याच काठांवर, तेवढाच वेळ प्रवाह सुरू ठेवून करायची, म्हणजे दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवता येतात. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या करारात ही तिन्ही कलमे आहेत, आणि थ्रेडफिन शॅडचे पान त्यातून काढून टाकलेले आहे.